बाकी

हिउमा बेटावर, मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात
साल्मेचं टेबल खिडकीशी, माझं दाराशी.
तिच्याकडे हजेरी, माझ्याकडे डब्यांचा हिशेब.
आल्याला एक, न आल्याला कोरा चौकोन.
इतकं साधं होतं तेव्हा माणसाचं असणं.

एकावन्नच्या सप्टेंबरात, हेरिंगच्या हंगामात,
आर्व्होच्या ओळीत सतरा एक लागले
आणि अठराव्या दिवशी कोरं.
धक्क्यावरची एक होडी कमी होती.
शिपाई रोज तिन्हीसांजेला किनारा दाताळ्यानं विंचरायचे,
कोण उतरलं, कोण निघालं, पाऊल उमटावं म्हणून.
त्या पहाटे वाळूत नुसत्या रेघा होत्या. उभ्या, सरळ.

नाव खोडायचा हुकूम आला. तिनं खोडलं.
पण आपल्या वहीत ती ओळ उतरवून घेतली,
चौकोनांच्या भिंती पाडून:

११११११११११११११११

"एकच आकडा आहे हा," मला म्हणाली.
"कशानं भाग जात असेल याला?"

दोनानं नाही, पाचानं नाही, हे मलाही दिसत होतं.
तिनानं नाही, बेरीज सतरा.
अकरानंही नाही: जोड्या लावल्या तर एक उरतोच.
मेइनहार्ड मास्तर, जे आता कारखान्याचं कोठार राखत,
सरपणाच्या ढिगाआडून म्हणाले,
याला जो कोणी भागेल
त्याला चौतिसानं भागलं तर एक उरला पाहिजे.
का, ते त्यांनी फळकुटावर कोळशानं लिहून दाखवलं
आणि मग ते फळकुट चुलीत घातलं.

पस्तीस. बाकी सोळा.
एकोणसत्तर. बाकी पस्तीस.
एकशे तीन. बाकी सत्तावन्न.
"पस्तीस कशाला करतेस?" मी म्हटलं. "तो पाचाच्या पाढ्यातला."
"हजेरीत कुणाला गाळत नाहीत," ती म्हणाली.

रोज दहा भागाकार. कारखाना सुटल्यावर,
राईच्या पावाचा तुकडा, मण्यांची पाटी, पेन्सिल.
समुद्र गोठला, सुटला, पुन्हा गोठला.
माझं लग्न झालं, दोन मुलं झाली,
मेइनहार्ड मास्तरांना जुनिपरच्या झुडपांपाशी पुरलं.
पलीकडच्या देशातून एकही पत्र आलं नाही,
येण्याची सोयही नव्हती.
कुणी विचारलं, "बाकी काय, साल्मे?"
तर ती खरोखरच आकडा सांगायची.

मला वाटायचं, याला भागच जाऊ नये.
तिला काय वाटायचं, ते तिनं हातचं राखून ठेवलं.

अडुसष्टचा जून. रात्रीचे दहा, तरी दिव्याची गरज नाही.
साठ हजार नऊशे तेहेतिसावा भागाकार.
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.
तिनं मला खिडकीतून हाक मारली.
मी पाटीवर पुन्हा केला, मग कागदावर, मग उलट गुणून.
सतराच्या सतरा एक रांगेत येऊन उभे राहिले.
बाकी शून्य.

आणि वर आलेला तो दुसरा, पाच अब्जांच्या पुढचा?
त्यालाही आता तपासायचं?
"नको," ती म्हणाली. "त्याला भागणारा कुणी असता
तर एक तरी त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर हजारांच्या आत असता,
आणि तिथून मी पहिल्याच उन्हाळ्यात पुढे गेलेय."

म्हणजे तो अविभाज्य होता,
हे सोळा वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं
तिच्याच हातून, तिला न कळता.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं,
"दोनच तुकडे निघाले मग. दोघंही अभंग."
साल्मेनं पेन्सिलीला टोक काढलं.
नवं पान उघडलं, वर तारीख घातली,
आणि बराच वेळ काहीच लिहिलं नाही.
बाहेर शिपाई वाळू विंचरत निघाले होते.